क्रॅशनंतर फाइल सिस्टिम कशी सावरते: अभ्यास कुठून सुरू करावा

फाइल सिस्टिमच्या प्रकरणाशी आलं की बहुतेक विद्यार्थी तक्ता पाठ करतात: जर्नलिंग, कॉपी-ऑन-राइट, लॉग-स्ट्रक्चर्ड आणि प्रत्येकाचे फायदे-तोटे. स्टोरेजच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी तो तक्ता बाजूला ठेवायला सांगतो. प्रत्येक रचनेला एकच प्रश्न विचारा: ‘काम झालं’ हे डिस्कवरच्या नेमक्या कोणत्या राइटने, म्हणजे लिखाणाने, ठरतं?

आधी अडचण कागदावर मांडा. फाइलच्या शेवटी एक ब्लॉक जोडायचा तर डेटा ब्लॉक, आयनोड (फाइलचे ब्लॉक कुठे आहेत याची नोंद) आणि बिटमॅप (कोणते ब्लॉक मोकळे, कोणते वापरात याची यादी) असं तीन ठिकाणी लिहावं लागतं. मध्येच वीज गेली आणि फक्त बिटमॅप पोचला, तर एक ब्लॉक वाया जातो, एवढंच. फक्त आयनोड पोचला तर तो कचऱ्याकडे बोट दाखवतो. शिवाय बिटमॅपच्या लेखी तो ब्लॉक मोकळाच असल्याने पुढे दुसऱ्याच फाइलला मिळू शकतो. खरं नुकसान इथे आहे.

आता तो प्रश्न विचारत चला. १९८४ च्या बर्कलीच्या एफएफएस (फास्ट फाइल सिस्टिम) मध्ये असा निर्णायक राइट नाहीच. मेटाडेटा (आयनोड, बिटमॅप यांसारख्या नोंदी) ठरलेल्या क्रमाने लिहायचा आणि क्रॅशनंतर एफएससीके (fsck) या तपासणीच्या प्रोग्रॅमने सगळी डिस्क तपासायची. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी न परवडणारी झाली. जर्नलिंगमध्ये बदल आधी जर्नल नावाच्या वेगळ्या जागेत लिहितात, आणि तिथे उत्तर स्पष्ट आहे: नोंद पूर्ण झाल्याची खूण असलेला कमिट ब्लॉक. दुकानदार आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणीत उतरवतो, तसंच हे. २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेला ईएक्सटी३ असाच चालतो. त्याच्या ‘ऑर्डर्ड’ मोडमध्ये फाइलचा डेटा आधी जागेवर जातो, मग मेटाडेटाचं कमिट होतं. कॉपी-ऑन-राइट पद्धतीची झेडएफएस जुन्या ब्लॉकला हातच लावत नाही. नवं सगळं मोकळ्या जागी लिहून झालं की शेवटी नवा उबरब्लॉक (सगळ्या रचनेच्या मुळाकडे बोट दाखवणारा ब्लॉक) लिहिला जातो, तोच निकाल. रोझेनब्लम आणि औस्टरहाउट यांच्या लॉग-स्ट्रक्चर्ड रचनेत सगळं नवं लिखाण एका लॉगच्या शेवटी जोडत जातात, आणि चेकपॉइंटच्या (इथवरचं सगळं पक्कं अशा नोंदीच्या) दोन जागा आलटून-पालटून वापरतात, म्हणजे एक अर्धवट राहिली तरी दुसरी शाबूत असते. तिथे चेकपॉइंटच्या पुढचा लॉग वाचून आणखी काही परत मिळवताही येतं.

सॉफ्ट अपडेट्स ही जर्नलशिवायची पद्धत शेवटी वाचा, पण वगळू नका. राइटचा क्रम असा राखायचा की क्रॅशनंतर फार तर न वापरलेले ब्लॉक आणि आयनोड अडकून राहतील. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे आणि कोडमध्ये उतरवायला सर्वांत अवघडही.

नुसतं वाचून हे मुरत नाही. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममधली लॉगची फाइल छोटी आहे, ती ओळ न ओळ वाचा. कमिटच्या फंक्शनमध्ये लॉगचं हेडर (इथला निर्णायक राइट) लिहिण्याआधी पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच थांबवणारी आज्ञा, टाका, एक नवी फाइल बनवा, क्यूईएमयू (ज्यावर एक्सव्ही६ चालते तो आभासी संगणक) बंद करा, पॅनिक काढून पुन्हा बूट करा: नवी फाइल नसेल. हेडर लिहिल्यानंतर लगेच पॅनिक टाकलं तर बूट होताना लॉग जागेवर उतरतो आणि फाइल दिसते. पहिल्या बूटमध्येही कमिट होतं, म्हणून पॅनिकला अट घाला, नाहीतर शेलपर्यंत पोचणारच नाही.

यातली कुठलीही रचना तुमच्या प्रोग्रॅमचा डेटा आपोआप वाचवत नाही. ईएक्सटी३ नंतरच्या ईएक्सटी४ मध्ये ब्लॉकची जागा उशिरा ठरते, त्यामुळे २००९ च्या सुमारास क्रॅशनंतर शून्य लांबीच्या फाइली सापडू लागल्या आणि मोठा वाद झाला. पुढे कर्नलमध्ये काही सवलती आल्या, तरी पक्का क्रम तोच: तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) करा, रीनेम करा आणि डिरेक्टरीवरही एफसिंक करा.

आणखी एक. क्यूईएमयू बंद करणं म्हणजे वीज जाणं नव्हे. होस्टच्या, म्हणजे तुमच्या खऱ्या संगणकाच्या, कॅशमध्ये पोचलेले राइट सुरक्षित राहतात. खरी डिस्क स्वतःच्या कॅशमधून राइट उलटसुलट क्रमाने उतरवू शकते, म्हणून कॅश रिकामी करून सगळं डिस्कवर उतरवायला लावणाऱ्या फ्लशच्या आज्ञा लागतात. तो भाग तपासायचा असेल तर लिनक्सचं डीएम-लॉग-राइट्स (dm-log-writes) हे साधन वापरा: ते प्रत्येक राइट आणि फ्लश नोंदवून ठेवतं, आणि हव्या त्या टप्प्यापर्यंत ते पुन्हा चालवून डिस्कची त्या क्षणीची अवस्था तपासता येते.