गाओसानच्या मुलांचं इंग्रजी तपासायला निघालात?

चीनमधल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे 'गाओसान'च्या मुलांची इंग्रजीची चाचणी घ्यायचीय, कुठली घेऊ, असं विचारणारे आपल्याकडचे विद्यार्थी मला अधूनमधून भेटतात. बहुतेक जण इंग्रजी अध्यापनात नाहीतर भाषाविज्ञानात एम.ए. करून शिष्यवृत्तीवर तिकडे गेलेले असतात आणि प्रबंधाचा विषय ठरवून बसलेले असतात. मी ग्वांगझूमध्ये हेच काम केलंय. वैधता, विश्वसनीयता, नमुना निवड हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. एका गोष्टीवर मात्र नको तितकं बोलणार आहे, कारण माझं जवळजवळ अख्खं सत्र तिने खाल्लं.

आधी परीक्षेचा आराखडा. गाओखाओ, म्हणजे चीनमधली विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा, ७ जूनला सुरू होते, इंग्रजीचा पेपर ८ तारखेला दुपारी ३ ते ५. एकूण ७५० गुणांत चिनी, गणित आणि इंग्रजीला प्रत्येकी १५०. अनेक प्रांतांत चालणाऱ्या नव्या राष्ट्रीय पेपरात श्रवण ३०, वाचन ५०, गाळलेल्या जागांचे दोन प्रकार मिळून ३०, लेखन ४०. लेखनात ८० शब्दांच्या आसपासचं पत्र किंवा सूचना १५ गुणांना. उरलेले २५ गुण अर्धवट गोष्ट पुरी करण्याला. साधारण साडेतीनशे शब्दांचा उतारा आणि पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात, त्यावरून दीडशे शब्द लिहायचे.

बोलण्याची परीक्षा या पेपरात नाही, ती प्रांताप्रांतावर आहे. बीजिंगने २०२१पासून संगणकावरच्या श्रवण-संभाषण परीक्षेला १५०पैकी ५० गुण दिले. ग्वांगदोंगमध्ये २० गुण आहेत आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. मुलं हेडफोन लावून बसतात, चित्रफितीबरोबर वाचतात, भूमिका घेऊन प्रश्नोत्तरं करतात, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतात. तेव्हा 'चिनी विद्यार्थ्यांना बोलता येत नाही' असं ठोकळेबाज वाक्य प्रस्तावनेत लिहून मोकळे होऊ नका. कुठल्या प्रांतातली मुलं आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात तपासली, हे आधी सांगा. ग्वांगदोंगमध्ये फेब्रुवारीत भराभर बोलणारी मुलं एप्रिलमध्ये तोंड उघडत नाहीत. त्या वीस गुणांचा निकाल लागून गेलेला असतो, मग कोण कशाला बोलेल?

म्हणून चाचणी शक्यतो पहिल्या सत्रात, सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये उरका. वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची सुट्टी संपली की शंभर दिवस उरल्याची शपथ होते, फळ्यावर उलटी मोजणी सुरू होते, मग यीमो, अरमो, सानमो या सराव परीक्षा एकामागून एक येतात. तेव्हा तुम्हाला तास कोणी देणार नाही, आणि दिलाच तर मुलं तुमच्या कागदाखाली गणिताचा कागद ठेवून बसतील. मुख्याध्यापकांच्या शिक्क्याचं पत्र लागतंच, पण वेळ खरी हातात असते ती 'बानझूरन'च्या, म्हणजे वर्गशिक्षकांच्या. संध्याकाळच्या सक्तीच्या अभ्यासातले चाळीस मिनिटं तेच काढून देऊ शकतात. आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.

आता तो सापळा.

गाओखाओच्या पत्रलेखनात विद्यार्थी नेहमी 'ली हुआ' असतो. 'समजा, तू ली हुआ आहेस' अशी सुरुवात, आणि कोणातरी परदेशी मित्राला निमंत्रण, सल्ला, माफी किंवा माहिती द्यायची. नवखा चाचणीकार विचार करतो की मुलांवर अन्याय नको, ओळखीचाच प्रकार द्यावा. मीही ली हुआच दिला: इंग्रज मित्राला शाळेतल्या चहा-संस्कृतीच्या प्रदर्शनाला बोलवा. उत्तरं आली ती बघून हरखून जावं अशी. नेटकं हस्ताक्षर, हेबेईतल्या हेंगशुई शाळेच्या नावाने ओळखलं जाणारं ते गोल, छापल्यासारखं वळण. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात, त्यामुळे अक्षर घोटून घेतलेलं असतं. सुरुवातीला मित्राची ख्यालीखुशाली, मग 'हे कळवताना मला अतीव आनंद होत आहे', मधे दोन जोडवाक्यं, शेवटी 'तुझ्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे'. दुसरी उत्तरपत्रिका तशीच. दहावीही तशीच.

याला तिकडे 'मोबान' म्हणतात, साचा. निमंत्रणाचा वेगळा, माफीचा वेगळा, सल्ल्याचा वेगळा. गोष्ट पुरी करण्याच्या प्रश्नालासुद्धा साचे आहेत. भीती वाटली की लिहायची चार वाक्यं, रडू आलं की चार, शेवटी सूर्यप्रकाशात सगळं उजळून निघालं याची दोन.

इथवर तुम्ही म्हणाल, पाठांतर आहे, कळतंच की. नाही कळत. आकड्यांत कळत नाही, हीच मेख आहे. दोन परीक्षकांकडून गुण घेतले तर दोघांचे गुण ऐंशी-नव्वद टक्के उत्तरपत्रिकांवर जुळतात आणि तुम्ही खूश होता. पण सगळी मुलं वरच्या एकाच पट्ट्यात दाटलेली असतात, म्हणून जुळतात. सहसंबंध, म्हणजे एकाने वर ठेवलेलं मूल दुसऱ्यानेही वर ठेवलंय का याचा आकडा, काढून बघा, तो पार खाली आलेला असतो. सहमती भरपूर आणि सहसंबंध कमी असं दिसलं की तिथेच थांबा. तुमच्या चाचणीने मुलांमुलांतला फरक दाखवलेलाच नाही. सगळ्यांनी तोच साचा किती नीट उतरवला, एवढं मोजलंय. हे माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं नाही. ते टक्केवारीवर समाधानी होते. सांगितलं एका गाओसान शिकवणाऱ्या बाईंनी, उत्तरपत्रिका चाळता चाळता: ही सगळी वाक्यं मीच दिलीत, तुम्ही माझीच परीक्षा घेतलीत. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की थकलेल्या शाळाशिक्षकाबरोबरचा एक तास प्राध्यापकाबरोबरच्या चार बैठकांना भारी पडतो.

याच्या उलट टोकाला जाणारेही असतात. साचा नको म्हणून एकदम अनोळखी प्रकार देतात: विचित्र चित्र, अचानक वादविवाद, 'तुला वाटेल ते बोल'. मुलं गप्प. किती शब्द लिहायचे, किती गुण, असं विचारत राहतात. मग निष्कर्ष निघतो की इंग्रजी कच्चं आहे. हाही चुकीचा. तुम्ही त्यांचा गोंधळ मोजलात. वर्षानुवर्षं प्रत्येक प्रश्नाचा आकार माहीत असलेल्या मुलाला आकारच दिला नाही, तर तो आधी आकार शोधणार.

मला जमलं ते असं. सुरुवात ओळखीची ठेवायची आणि मधेच वळण द्यायचं. ली हुआचं निमंत्रण लिहून घ्या, कागद गोळा करा, मग लगेच मित्राचं उत्तर हातात द्या: यायला आवडेल, पण शनिवारी जमत नाही, मी चहा पीत नाही, आणि बरोबर धाकटा भाऊ आहे, चालेल का? चार वाक्यांत कळव. याला साचा नाही. कोण भावाचा विषय विसरतं, कोण 'चहा पिऊ नकोस, बघायला ये' असं लिहितं, कोण पहिलंच पत्र पुन्हा लिहून देतं, सगळं उघडं पडतं. बोलण्यातही तेच. गोष्ट सांगून झाली की गोष्टीत नसलेला एकच प्रश्न विचारा: मुलीने वडिलांना आधीच का सांगितलं नसेल? आणि विचारल्यावर गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण प्रश्न सोपा करून परत विचारतो, आणि मूल नव्याने सुरुवात करतं. बरीच मुलं त्या शांततेत मनात वाक्य जुळवत असतात. घाई केलीत की ते मोडलं.

दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे ठेवा. त्यांची सरासरी काढलीत तर केलेली मेहनत तुम्हीच पुसून टाकाल. पहिल्या भागात वर आणि दुसऱ्यात खाली असलेली मुलं, दोन्हीकडे बरी असलेली मुलं, आणि थोडी अशीही की साचा धड पाठ नाही पण भावाच्या प्रश्नाला झकास उत्तर देतात. या तीन गटांतच तुमचा प्रबंध आहे.

पण साच्याला हसू नका. आपण बारावीला पत्रलेखन आणि सारांशलेखन अपेक्षित प्रश्नसंच घोटूनच केलंय, लातूर पॅटर्नचं कौतुकही केलंय. पोपटपंची म्हणणं सोपं आहे. पाठ केलेलं वाक्यसुद्धा भाषेचाच ऐवज असतो, तो वापरता येतो की नाही एवढंच बघायचं. काही मुलं पहिल्या पत्रातला पाठ केलेला तुकडा दुसऱ्या उत्तरात घेतात, पण क्रियापद बदलून, माणूस बदलून, नेमक्या जागी बसवून. तिथे गुण द्या. तो तुकडा आता त्या मुलाचा झालाय.

परीक्षकांबद्दल थोडं. शाळेतल्या शिक्षकांकडून गुण घेणार असाल तर त्यांच्या नजरेत 'उच्च शब्दसंग्रह' आणि लांब जोडवाक्यं आधी भरतात, ही त्यांची रोजची सवय आहे. हस्ताक्षरही भरतं. उत्तरं टंकलिखित करून, चुका जशाच्या तशा ठेवून द्या. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

परीक्षा बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं समजू नका. भाषा-परीक्षणाचे अभ्यासक गुइ शिचुन यांच्या पुढाकाराने ग्वांगदोंगमध्ये १९८५मध्ये प्रवेशासाठीच्या इंग्रजी परीक्षेचं प्रमाणीकरण सुरू झालं, तेव्हाही आशा होती की परीक्षा बदलली की वर्गात व्याकरणाऐवजी भाषेचा वापर येईल. वर्गांनी नव्या परीक्षेचा सराव सुरू केला. गोष्ट पुरी करण्याचा प्रश्न २०१६च्या ऑक्टोबरमध्ये झेजियांगमध्ये आला तोही याच आशेने. आज त्याचेही साचे आहेत. तुमची छोटी चाचणी ही परंपरा मोडणार नाही. तिचा भार डोक्यावर घेऊ नका.

आडवाटांबद्दल माझं मत विचाराल तर बरं नाही. तयार ऑनलाइन पातळी-चाचणी देऊन आकडे गोळा करणं म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांत मुरलेल्या मुलांना अजून एक बहुपर्यायी पेपर देणं. ती तुमच्यापेक्षा लवकर योग्य पर्याय हेरतात, बरेचदा उतारा न वाचता. ब्रिटिश प्रश्नपत्रिका जशीच्या तशी आणली तर घर भाड्याने घेणं, पबमधलं जेवण असले विषय येतात, ज्यांच्याशी वसतिगृहात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाचा संबंध नाही. सूचना मात्र चिनीत द्या, बिनधास्त. सूचना कळली का, हे तुम्हाला तपासायचं नाहीये.

तुमच्या उच्चारांची काळजी करताय? सगळेच करतात. मुलांचे कान श्रवण-परीक्षेच्या ध्वनिफितींना सरावलेले असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं ती बावचळतात. आधी थोडा वेळ नुसत्या गप्पा मारा: जेवलात का, कुठल्या गावचे. भारतातून आलेय म्हटलं की सिनेमाचा विषय निघतोच. कान बसला की चाचणी सुरू करा, आणि त्या गप्पांना गुण नाहीत हे आधीच सांगा, नाहीतर तीही परीक्षाच समजतात.

आवाज ध्वनिमुद्रित करणार असाल तर १ नोव्हेंबर २०२१पासून लागू असलेला वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा लक्षात ठेवा. मुलांची आणि पालकांची लेखी संमती घ्या, नावांऐवजी क्रमांक वापरा. फायली देशाबाहेर नेण्याआधी विद्यापीठातल्या जबाबदार माणसाकडून लेखी होकार घ्या, तोंडी नको.

मुलं निकाल मागतील, आणि मागताना वर्गात कितवा नंबर हेच विचारतील. नंबर देऊ नका. वर्गशिक्षकांनी मागितला तरी नाही, आणि हे परवानगीच्या पत्रातच लिहून ठेवा, म्हणजे नंतर अवघडल्यासारखं होत नाही. प्रत्येकाला दुसऱ्या उत्तरातलं त्याचं स्वतःचं एक चांगलं वाक्य खूण करून द्या आणि एक दुरुस्ती. शिक्षकांना पानभर टिपण चिनीत द्या, नवीन वर्षाच्या आधी. मार्चमध्ये दिलंत तर ते वाचायला कोणाकडे वेळ नसेल.