रिकामी पिकअप आपटते? आधी हवा बघा

मार्केट यार्डात माल उतरवून रिकामी पिकअप परत आणताना प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो. पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भरलेल्या मालासाठी बनवलेले, त्यात टायरमध्ये हवाही लोडची! पाटे बदलायच्या खर्चात पडण्याआधी एवढं करा:

१. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, तर टायर गार असताना मागची हवा रिकाम्याच्या आकड्यावर आणा. बराच त्रास इथेच कमी होतो.

२. लांब जायचं असेल तर वाळूची दोन पोती बरोबर मागच्या एक्सलवर ठेवा, दोरीनं घट्ट बांधा.

३. शॅकलच्या (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कडीच्या) पिनांना ग्रीस मारून घ्या.

माल चढवण्याआधी हवा पुन्हा लोडच्या आकड्यावर न्याच. कमी हवेत भरलेली गाडी पळवली तर टायर तापून फुटू शकतो.