ओघळीत सायकल घालायच्या आधी

सोलापुरात डोंगर कुठाय, मग माउंटन बाईक कशाला घेतलास बे, हे मला येणारा जाणारा प्रत्येक जण विचारून झालाय. डोंगर नसेना का, माळ आहे, मुरमाचे उतार आहेत, ओघळी आहेत, आणि बाभळीच्या रानातून गेलेल्या पायवाटा आहेत ज्या शेरडांनी पाडल्यात, सायकलवाल्यासाठी कुणी पाडलेल्या नाहीत. त्यात एखादा शंभर-दीडशे फुटांचा तुकडा असा येतो की सगळे गपचूप उतरून सायकल ढकलत नेतात. तो तुकडा न उतरता कसा काढायचा, तेवढंच सांगतो.

आधी जागेचं बोलू. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सायकल घेऊन घुसायचं नाही, परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तसंही माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांमधून चाकं फिरवायची गरज काय. वनखात्याची जागा असेल तर विचारून जा.

आता तो अवघड तुकडा आला की पहिल्यांदा सायकल आडवी टाका आणि चालत जा. लाज वाटायचं काही कारण नाही, चांगले चांगले रायडर पण हेच करतात. आणि वरून बघून भागत नाही, खाली जाऊन वळून वर बघा, खालून सगळं वेगळंच दिसतं. बाहेर कुठून पडायचं ते आधी ठरवा, मग आत कुठून शिरायचं ते. मी एखादी खूण धरतो, घाणेरीचं झुडूप किंवा पांढरा दगड, कारण सायकलवर बसल्यावर पाठ केलेलं सगळं विसरायला होतं.

मग सीट खाली घ्या, चार बोटं तरी. ड्रॉपर, म्हणजे बटण दाबून सीट खाली घेणारा दांडा, असेल तर बटण दाबा, आमच्यासारख्यांनी उतरून क्लिप उघडायची. हवा पण बघा. पंक्चरच्या दुकानात सांगितलं नाही तर पन्नास पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) भरून मोकळे होतात, आणि तेवढ्या हवेवर सायकल दगडावरून चेंडूसारखी उडते. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब आणि वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर मागे तीस, पुढे सत्तावीस-अठ्ठावीसने सुरुवात करा. फार कमी पण नको, दगडाच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

तुकड्यात शिरताना सीटवर बसायचं नाही. उभं राहायचं, दोन्ही पायडल एका लेव्हलला, टाचा जरा खाली, गुडघे ढिले, कोपरं बाहेर. सगळं वजन पायात, हँडल नुसतं धरायचं. उतार म्हणून लोक पार मागच्या चाकावर जाऊन लटकतात, तेही चूक, पुढचं चाक हलकं होतं आणि वळायचं सोडून सरळ जातं.

आणि आता ब्रेक. माझं सगळं सांगणं खरं तर एवढंच आहे की ब्रेक दगडाच्या आधी दाबायचा, दगडावर नाही. मागच्या दिवाळीत एका ओघळीत उतरत होतो, तळाला टरबुजाएवढा दगड, शेजारून जायला दोन फूट जागा होती पण मी त्या दगडाकडेच बघत राहिलो, आणि जिकडे बघतो तिकडेच सायकल जाते, मग घाबरून नेमका तिथंच पुढचा ब्रेक आवळला. चाक अडलं, मी हँडलवरून पलीकडे. हेल्मेटला चीर गेली, डोक्याला नाही. मागचा मित्र म्हणाला, "लागलं का बे?" आणि मी नाही म्हटल्यावर पाच मिनिटं नुसता हसत होता.

तर ओघळ अशी घ्यायची. काठावर येईपर्यंत स्पीड कमी झालेला पाहिजे, दोन्ही ब्रेक, एकेक बोट. (पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते घरी बघून ठेवा, मित्राची सायकल घेतली असेल तर नक्कीच.) गिअर पण काठावरच हलका करायचा, समोरच्या चढाला जोर लावत बदलायला गेलात की चेन कडकड करते आणि तुम्ही तळाला पाय टेकून उभे. उतरताना ब्रेक हळूहळू सोडत यायचं आणि चाक तळाला टेकायच्या आत पूर्ण मोकळा करायचा. तळाला हातपाय वाकवून सायकलला खाली दाबा, मग चढाला लागताना ती स्वतःच वर येते. तिथं पूर्ण पायडल मारायला गेलात तर ते काठाला आपटतं, म्हणून पाव-पाव पायडल, पुढे मागे, पुढे मागे.

सुट्या मुरमावर गणित बदलतं, खाली खडक टणक आणि वर खडे, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडल्यासारखं. तिथं पुढचा ब्रेक अगदी नाजूक, आणि वळताना अंग सरळ ठेवून फक्त सायकल आत झुकवायची, बाहेरचा पाय खाली दाबून. मुळं आडवी आली तर काटकोनात ओलांडा, तिरकं गेलात की चाक मुळावरून घसरत जातं.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या वाटेला दोन दिवस जाऊच नका, चाक आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) चिखल असा भरतो की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. मुरूम मात्र थोडा ओला असताना लई भारी पकड देतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला निघा, नऊपर्यंत घरी.

राहिला काटा. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो आणि टोक आतच राहतं, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, काटा असेल तिथं कापसाचे धागे अडकतात. बोट फिरवून बघायला गेलात तर काटा सापडतो, पण बोटात.