जर्नल क्लबला मेटा-अॅनालिसिस वाट्याला आलं तर

पुण्यात एमडीला लागलेल्या नव्या रेसिडेंटच्या हाती जर्नल क्लबसाठी (पेपर मांडून चर्चा करायची बैठक) मेटा-अॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणारा पेपर) पडलं, की तो फॉरेस्ट प्लॉटच्या (प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकेका रेघेनं दाखवणारी आकृती) तळाचा हिरा, म्हणजे एकत्रित निकाल, आधी बघतो. हिरा मधल्या, 'फरक नाही' सांगणाऱ्या रेषेला शिवला नाही, म्हणजे औषध लागू पडतं, विषय संपला! हिऱ्याकडे सगळ्यात शेवटी या. आधी प्रॉस्पेरोवरची (अशा पेपरांचा आराखडा आधीच नोंदवायची वेबसाइट) नोंद काढा. तिथलं प्रायमरी आउटकम (मोजायचा मुख्य परिणाम) आणि पेपरातलं एकच आहे का? बदललं असेल तर कारण दिलेलं हवं.

मग वेटचा रकाना, म्हणजे एकत्रित निकालात कुठल्या अभ्यासाचं वजन किती. सर्वाधिक वजनाचे दोन अभ्यास निवडून त्यांचे मूळ पेपर काढा आणि आकडे ताडून पाहा. इथली नेहमीची गफलत म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (रुग्णारुग्णांतली तफावत) जागी भरलेला स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता). 100 जणांच्या गटात एरर 2 असेल तर डेव्हिएशन 20 येतं, कारण गुणायचं असतं 100 च्या वर्गमुळानं. दोन्ही गटांत ही चूक झाली, की फिक्स्ड इफेक्टमध्ये (सगळ्या अभ्यासांत खरा परिणाम एकच मानणारं मॉडेल) त्या अभ्यासाला मिळणारं वजन शंभरपट होतं आणि हिरा त्याच्यामागे फरपटत जातो. एखाद्या छोट्या अभ्यासाची कॉन्फिडन्स इंटरव्हलची (अंदाज कुठून कुठवर असू शकतो तो पट्टा) रेघ शेजारच्यांपेक्षा फारच आखूड दिसली, तर पहिला संशय हाच घ्या.

आय-स्क्वेअर या टक्केवारीचा उगाच बाऊ होतो. 75 टक्के म्हणजे निकालांत प्रचंड तफावत, असं नव्हे. दिसणाऱ्या चढउतारातला किती वाटा योगायोगापलीकडचा, एवढंच तो सांगतो. अभ्यास मोठे असले की क्षुल्लक फरकानंही तो चढतो.

छोट्या ट्रायल्सची बेरीज कशी फसवते, यासाठी मॅग्नेशियमचं उदाहरण तयार ठेवा. 1991 चं मेटा-अॅनालिसिस: 7 ट्रायल्स, 1301 रुग्ण, हार्ट अटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम दिल्यावर मृत्यूचे ऑड्स (दगावलेले भागिले वाचलेले) 55 टक्क्यांनी कमी. पण एकूण मृत्यू होते अवघे 78. पुढे 1995 मध्ये आयसिस-4 या मोठ्या ट्रायलमध्ये 58,050 रुग्ण घेतले आणि फायदा दिसलाच नाही. गंमत अशी, की हे सगळं रँडम इफेक्ट्सनं (खरा परिणाम अभ्यासागणिक वेगळा मानणारं मॉडेल) एकत्र केलं तर छोट्यांचं वजन वाढतं आणि हिरा पुन्हा फायद्याकडे सरकतो. म्हणून दोन्ही मॉडेलचे निकाल शेजारी शेजारी दाखवा. दहापेक्षा कमी अभ्यासांच्या फनेल प्लॉटवर (फायदा न दिसलेले छोटे अभ्यास गायब आहेत का, हे बघायची आकृती) मात्र स्लाइड खर्च करू नका.

'ससूनच्या वॉर्डातल्या आपल्या पेशंटला काय?' हा प्रश्न येणारच. रिलेटिव्ह रिस्क (औषध घेणाऱ्यांचा धोका भागिले न घेणाऱ्यांचा) 0.75 असेल आणि आपल्या रुग्णांत मूळ धोका 8 टक्के असेल, तर तो 6 वर येतो, म्हणजे एक घटना टाळायला 50 जणांना औषध. मूळ धोका 2 टक्केच असेल तर 200 जणांना.