फुटरेस्ट सव्वा इंच खाली

माझी उंची सहा फूट एक इंच, बुटाचा नंबर अकरा आणि मोटरसायकल रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०. सीटची उंची ८०४ मिलिमीटर, त्यामुळे सिग्नलला दोन्ही पाय आरामात टेकतात. अडचण पाय वर घेतल्यावर सुरू होते. कोल्हापुरातून निघालं की गगनबावड्याच्या अलीकडेच उजवा गुडघा कुरकुरायला लागायचा. वाटेतला चहा निम्मा त्या गुडघ्यासाठीच असायचा.

म्हणून फुटरेस्ट खाली न्यायचं ठरवलं. ३० मिलिमीटर खाली नेणारे अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट मिळतात, त्यांतला एक सेट मागवला. आमच्या मिस्त्रीने तो हातात फिरवून बघितला आणि एवढंच म्हणाला, "फुटरेस्ट खाली नेशील भावा, लिव्हर काय तिथंच ठेवणार हाय व्हय?" सगळं काम या एका वाक्यात आहे. ब्रॅकेट बसवायला अर्धा तास लागतो. गिअर आणि ब्रेक पायाखाली आणायला माझे दोन रविवार गेले.

पैसे घालण्याआधी एक फुकटची चाचणी करा. गाडी सरळ उभी करा, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या रचा. फळ्यांचा वरचा भाग फुटरेस्टपेक्षा सव्वा इंच खाली यायला हवा. रोजचे बूट घालून वीस मिनिटं तसंच बसा, शेजारी हसले तरी. तेवढ्यात गुडघ्याला फरक कळला नाही तर दुखणं दुसरीकडे आहे, सीटचा फोम किंवा हँडल बघा.

काही ब्रॅकेट फिरवून खाली-पुढे किंवा खाली-मागे लावता येतात. मला मागे न्यायची हौस होती, दिसायला जरा बरं म्हणून. पण फुटरेस्ट मागे गेला की गुडघा पुन्हा मिटतो, खाली नेऊन जे कमावलं ते निम्मं जातं. पुढे नेला तर लिव्हर आणि फुटरेस्ट यांच्यातली जागा कमी होते आणि अकरा नंबरचा बूट त्यात मावत नाही. सरळ खाली ठेवला.

आता खोलाखोली. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, विशेषतः स्प्रिंगचा कुठला पाय कुठे अडकलाय त्याचा. फुटरेस्ट ज्या पिनवर फिरतो तिच्या टोकाला काही गाड्यांत स्प्लिट पिन असते, काहींत क्लिप. ती काढताना स्प्रिंगवर फडकं धरा. माझी स्प्रिंग उडून पाण्याच्या टाकीखाली गेली आणि ती शोधण्यात सकाळ संपली. स्प्लिट पिन परत वापरू नका. वाकवून सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा वाकवताना तुटते, आणि तिची किंमत चहाएवढीही नाही. डावा-उजवा ब्रॅकेट अदलाबदल होत नाही, खुणा बघा. पिनला ग्रीस लावा, ब्रॅकेटच्या बोल्टला निळं लॉकटाइट, म्हणजे हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव. माझ्या सेटबरोबर आलेल्या बोल्टांपैकी एकाचे आटे पहिल्याच आवळणीत गेले. मी सगळेच बाजूला टाकून हार्डवेअरच्या दुकानातून ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचे, आणले. आवळताना सेटच्या कागदावर दिलेला टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते माप, पाळा, अ‍ॅल्युमिनियममध्ये जोर दाखवायचा नाही.

बसवल्यावर फुटरेस्ट हाताने वर-मागे ढकलून बघा. तो दुमडून परत जागेवर आला पाहिजे. वळणात जमिनीला घासला तर दुमडून वाट देण्यासाठीच ती व्यवस्था आहे. ब्रॅकेटला अडून तो ताठ राहिला तर गाडी उचलली जाऊ शकते. डावीकडे साइड स्टँड वर-खाली करून बघा, उजवीकडे टाच सायलेन्सरला टेकते का ते.

गिअरचं काम सोपं. लिव्हर थेट शाफ्टच्या दातांवर असेल तर जुन्या जागी पेंटने खूण करून एक दात खाली सरकवा. मध्ये रॉड असेल तर दोन्ही टोकांचे चेकनट, म्हणजे रॉड जागेवर धरून ठेवणारे नट, सैल करून रॉड फिरवा. यातल्या एका टोकाला बहुतेक वेळा उलटे आटे असतात, त्यामुळे नट निघत नाही म्हणून हातोडी घेऊ नका. फुटरेस्टवर पाऊल ठेवून, टाच न उचलता, बुटाचं टोक लिव्हरखाली गेलं की झालं. चपलेवर सेटिंग करू नका.

ब्रेकला मात्र वेळ द्या. पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. पेडल त्याच्या रॉडवरून खाली येतं, आणि त्या रॉडला थोडी ढील राहिलीच पाहिजे. पेडल सोडल्यावर आतला पिस्टन पूर्ण मागे आला तरच ऑइल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र उघडतं. पिस्टन किंचितही दाबलेला राहिला तर छिद्र बंद राहतं. मग ऑइल तापून फुगतं, त्याला जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप धरायला लागतो. मी नेमकं हेच केलं. पेडल खाली आणलं, ढील तपासलीच नाही. रंकाळ्याला एक फेरी मारेपर्यंत गाडी ओढल्यासारखी चालायला लागली. थांबून मागच्या डिस्कवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र आवाज आला. तिथंच बसून रॉड थोडा आत घेतला.

त्यामुळे मागचं चाक उचलून पेडल दाबा, सोडा आणि चाक हाताने फिरवा. सहज फिरलं पाहिजे. पेडल खाली आलं की ब्रेक लाइटचा स्विचही ओढला जातो. दिवा सतत पेटलेला राहिला तर स्विचचा नट फिरवून तो पेडल दाबल्यावरच लागेल असं करा. पहिला आठवडा पेडल जरा परकं वाटेल, तोवर गर्दीत जाऊ नका.

एक हिशेब मात्र आधी करून ठेवा. समजा फुटरेस्टचं टोक जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर आणि गाडीच्या मध्यापासून ३८० मिलिमीटरवर आहे. मग गाडी वळणात साधारण ३८ अंश कलली की ते जमिनीला टेकेल. ३० मिलिमीटर खाली नेलं की ३५ अंशांना. सस्पेन्शन दबलं, मागे कुणी बसलं तर त्याहून आधी. फुटरेस्टखाली जी बोंडी असते, ती आधी घासून इशारा देण्यासाठीच असते. ब्रॅकेट लावल्यावर ती लवकर लागते म्हणून काहीजण काढून टाकतात. तसं करू नका.

दोनशे किलोमीटर झाल्यावर मी सगळे बोल्ट पुन्हा तपासले, एक जरासा सरकला होता. गगनबावडा आता एका दमात होतो. भुईबावडा घाट उतरताना बोंडी पहिल्यांदा घासली तेव्हा पोटात गोळा आला होता. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावीकडची वळणं जास्त आवळ येतात: वर्षभरात माझी डावी बोंडी निम्मी झिजली, उजवी अजून कोरी आहे.