कथाविश्वात प्रकाशाहून वेगवान प्रवासाचा उगम कसा रचावा

विज्ञानकथेतील यान प्रकाशाला मागे टाकते तेव्हा बरेच लेखक इंजिनाला भारदस्त नाव देऊन पुढे सरकतात. तो शोध कशावरून लागला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे ठरलेले नसेल, तर पुढच्या प्रकरणांत कथाविश्व स्वतःच्याच नियमांना छेद देऊ लागते. म्हणून यान रेखाटण्याआधी त्याचा उगम लिहून काढावा.

प्रथम कोणता नियम वाकवायचा ते पक्के करावे. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर आहे आणि आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान असलेली वस्तू तो गाठू शकत नाही. मात्र हे बंधन अवकाशातून जाणाऱ्या वस्तूवर आहे, अवकाशाच्या प्रसरणावर नाही. याच फटीतून भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्क्युबिएरे यांनी १९९४ मध्ये यानापुढचे अवकाश आकुंचन पावते आणि मागचे प्रसरण पावते असे गणिती प्रारूप मांडले. त्याला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते आणि ती एवढ्या प्रमाणात मिळवण्याचा मार्ग आज उपलब्ध नाही. लेखकाने ही एकच अशक्य गोष्ट शक्य मानावी व उरलेल्या भौतिकशास्त्राला हात लावू नये.

यानंतर शोधाची पहिली खूण हवी, आणि ती मोजमापातील विसंगती असावी. मराठवाड्यातील लेखकाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्या ताण-आकुंचनाच्या लाटा) टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांमध्ये लेसर सोडून, प्रोटॉनच्या आकारापेक्षाही हजारो पटींनी सूक्ष्म असा लांबीतील बदल टिपणारे हे यंत्र आहे. त्यामुळे गुरुत्वीय लहरींइतकेच जमिनीचे साधे कंपनही नोंदीत डोकावू शकते. समजा, रात्रपाळीवरील वसमतची तरुण संशोधिका एक विचित्र नोंद पाहते आणि आधी घरी फोन लावते.

“आप्पा, रातच्याला हळदीचा ड्रम चालू व्हता का?”

“न्हाई गं माय, लाईटच नव्हती.”

हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमवरचा संशय फिटला, तरी शोध सिद्ध होत नाही. गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात आणि प्रकाशाला पृथ्वीच्या व्यासाएवढे अंतर कापायला सुमारे ४२ मिलिसेकंद लागतात. औंढा आणि अमेरिकेतील अशाच केंद्राच्या नोंदींच्या वेळांमध्ये फरक फारच कमी आला, तर लहर दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेला आडव्या दिशेने आली असेल, एवढाच निष्कर्ष निघतो. दुर्बिणींनी स्रोताची दिशा स्वतंत्रपणे निश्चित केली आणि त्या दिशेसाठी अपेक्षित असलेल्या फरकापेक्षा तो कमी भरला, तरच काहीतरी प्रकाशाच्या पुढे धावले असे म्हणता येईल. वाचकाला शंकेच्या या पायऱ्या दाखवाव्यात, कारण शोधाचे खरे नाट्य तेथेच आहे.

नोंद आणि यान यांच्यामध्ये पिढ्या जाऊ द्याव्यात. गुरुत्वीय लहरींचे भाकीत १९१६ मधले, तर प्रत्यक्ष नोंद १४ सप्टेंबर २०१५ ची आहे. कार्यकारणभावाचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा: सापेक्षतेनुसार प्रकाशाहून वेगवान संदेश काही निरीक्षकांच्या दृष्टीने निघण्यापूर्वीच पोहोचतो. त्यामुळे भूतकाळात निरोप जाऊ शकतो की एखादा नियम ते रोखतो, हे लेखकाने ठरवून शेवटपर्यंत पाळावे.

सर्वाधिक वेळ मात्र पहिल्या प्रवाशांवर खर्च करावा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे वस्ती उभारायला शास्त्रज्ञांमागोमाग मजूर लागतीलच. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ही व्यवस्था जवळून पाहिलेल्या लेखकाने तारकांकडे निघालेल्या पहिल्या टोळीचा करारनामा कलमांसह लिहावा: उचल किती, ती फिटण्याआधी परतायचे झाल्यास यानाचे भाडे कोणाच्या नावावर चढणार, लेकरांची शाळा कोठे भरणार आणि वाटेत कोणी आजारी पडले तर त्या दिवसांची मजुरी कापली जाणार का. यानाचा आकार, खोल्या आणि फेऱ्यांचे वेळापत्रक या कलमांवरूनच ठरवावे.