नव्या कॅफेत मित्रासोबत दुपारचे जेवण
नव्याने उघडलेल्या कॅफेच्या स्वयंपाकघराची घडी पहिले काही आठवडे नीट बसलेली नसते, त्यामुळे तेथे मित्रासोबत जेवायला जाताना ऐन गर्दीच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि परतण्याची घाई असलेला दिवस निवडूच नये. कॉफीयंत्र, स्पीकर आणि दार यांपासून दूरची जागा मागावी. गप्पा मारायला आलेल्यांना हे पदार्थांइतकेच महत्त्वाचे असते. दोघांनी वेगवेगळे पदार्थ मागवून वाटून घ्यावेत, म्हणजे एखादा फसला तरी सगळे जेवण फसत नाही. अ‍ॅलर्जी असल्यास ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगावे. बिल कोण देणार हे आधीच ठरवावे, नाहीतर काउंटरपाशी प्रेमळ झटापट ठरलेलीच! काही खटकल्यास ते तिथेच, सौम्य शब्दांत मालकाच्या कानावर घालावे.